फायबरवाला ब्रेड खाल्ल्यावर शुगर किती वाढते: घरी नीट तपासायची पद्धत, टप्प्याटप्प्याने

डायबेटिस असलेल्या घरात हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. पांढरा ब्रेड बंद होतो आणि त्या जागी तपकिरी, मल्टिग्रेन, ओट्स नाहीतर 'हाय फायबर' लिहिलेला ब्रेड येतो, आणि मग तो पांढऱ्यापेक्षा एखादा स्लाइस जास्तच खाल्ला जातो कारण 'यात फायबर आहे ना'. काही लोक एक दिवस ग्लुकोमीटर लावून बघतात, दोन तासांनी 140 आलं की खूश, 170 आलं की ब्रेड कायमचा बंद. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. एका दिवसाच्या एका आकड्यावरून ब्रेड चांगला की वाईट ते कळतच नाही, आणि पाकिटाच्या पुढच्या बाजूवरून तर अजिबातच नाही.

खाली दिलीये ती पद्धत चार सकाळींची आहे. 25 स्ट्रिपच्या एका डबीत बसते. क्रम मात्र बदलू नका, कारण बहुतेकांचं गणित चुकतं ते बोट टोचताना नाही, त्याच्या आधीच्या तयारीत.

आधी हे वाचा: कोणी स्वतःच्या मनाने करायचं नाही

इन्सुलिन घेणारे, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणारे, गरोदर बायका, किडनीचा त्रास असलेले आणि लहान मुलं, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. कारण इथे ब्रेड मोजून, नुसता खायचा आहे, आणि गोळी किंवा इन्सुलिन मात्र रोजच्या भरपेट नाश्त्याच्या हिशोबाने घेतलेलं असतं, त्यामुळे शुगर खाली जाऊ शकते. टेस्टसाठी गोळी चुकवायची नाही, पुढेमागे करायची नाही, अर्धी करायची नाही. रोज ज्या वेळेला घेता त्याच वेळेला चारही दिवस घ्यायची.

सावध: घाम, थरथर, धडधड, एकदम भूक असं काही झालं किंवा मीटरवर 70 च्या खाली आकडा आला तर टेस्ट तिथेच सोडा, 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी परत मोजा. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू आहे त्यांना अशा वेळी साखर पटकन लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं पचनच लांबवते. त्यांच्या घरात ग्लुकोज पावडरच हवी, चहाची साखर नाही.

टप्पा 1: पाकीट उलटं करा आणि मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून द्या. मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर (मैदा)' असेल तर तो मैद्याचाच ब्रेड आहे, मग वर रंग कुठलाही असो. तपकिरी रंगासाठी यादीत कॅरॅमल दिसतं का बघा, 150 ने सुरू होणारा आयएनएस नंबर (खाण्यात घातलेल्या रंग वगैरेंचा ठरलेला क्रमांक) असतो. रंग घातला म्हणून ब्रेड वाईट होत नाही, पण तो रंग कोंड्याचा नाही एवढं कळतं.

मग फायबरचा आकडा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे 100 ग्रॅम पदार्थात 3 ग्रॅम फायबर असलं की 'फायबरचा स्रोत' म्हणता येतं आणि 6 ग्रॅम असलं की 'हाय फायबर'. आता 25 ग्रॅमचे दोन स्लाइस म्हणजे 50 ग्रॅम ब्रेड, म्हणजे 'हाय फायबर' ब्रेडमधून पोटात जाणारं फायबर फक्त 3 ग्रॅम असू शकतं. एवढ्यावर दोन जास्तीचे स्लाइस खायची मुभा मिळत नाही हो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण बघतच नाहीत: फायबर किती यापेक्षा कुठलं हे बघायचं. जेवणानंतरच्या शुगरवर परिणाम करतं ते पाण्यात विरघळून घट्ट, बुळबुळीत होणारं फायबर. इसबगोल पाण्यात टाकल्यावर काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय, पोटात आणि लहान आतड्यात तेच होतं, अन्न दाट होतं, पुढे हळू सरकतं, ग्लुकोज रक्तात हळूहळू उतरतं आणि शुगरचा कळस बसका होतो. ओट्स आणि जव यातलं बीटा-ग्लुकन, इसबगोल, गवार गम ही या घरातली मंडळी. गव्हाचा कोंडा, सेल्युलोज, आणि लेबलवर 'ओट फायबर' म्हणून येतं ते ओट्सच्या टरफलाचं फायबर, ही विरघळत नाहीत. पोट साफ व्हायला छान, पण त्या नाश्त्यानंतरच्या शुगरवर फार फरक पाडत नाहीत. 'ओट ब्रॅन' आणि 'ओट फायबर' ऐकायला सारखंच वाटतं, काम मात्र वेगळं. तिसरा प्रकार इन्युलिन, म्हणजे चिकोरीच्या मुळाचं फायबर. ते विरघळतं पण दाट होत नाही, त्यामुळे आकडा वाढवायला कंपन्यांना सोयीचं. त्याने ब्रेडमधला पचणारा स्टार्च थोडा कमी होतो इतकाच फायदा, वर काहींना गॅस होतो तो वेगळा.

किती लागतं याचा एक पक्का आकडा आहे. युरोपात बीटा-ग्लुकनमुळे जेवणानंतरची शुगर कमी वाढते असा दावा छापायचा असेल तर दर 30 ग्रॅम पचणाऱ्या कर्बोदकांमागे 4 ग्रॅम बीटा-ग्लुकन असावं लागतं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण 4 टक्के. आता तुमच्या ओट्स ब्रेडच्या लेबलवर ओट्स 5 टक्के लिहिलेत असं धरा. 100 ग्रॅम ब्रेडमध्ये 5 ग्रॅम ओट्स, त्यात बीटा-ग्लुकन 0.2 ग्रॅम. हवं होतं 4, मिळालं 0.2, आणि तेही 100 ग्रॅम ब्रेड खाल्ल्यावर. शिवाय पीठ भिजून फुगत असताना पिठातलीच एन्झाइम्स बीटा-ग्लुकनचे तुकडे करतात, त्यामुळे भाजून निघालेल्या ब्रेडमध्ये त्याचा दाटपणा आणखी कमी होतो.

होल व्हीटचं काय, हा पुढचा प्रश्न येतोच. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे एखादा पदार्थ शुगर किती वाढवतो त्याचा आकडा, शुद्ध ग्लुकोज 100 धरून. त्याच्या 2008 सालच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या गव्हाच्या ब्रेडचा सरासरी आकडा 75 आहे आणि होल व्हीट ब्रेडचा 74. म्हणजे शुगरच्या बाबतीत जवळपास जुळे भाऊ. कारण गहू इतका बारीक दळला जातो की कोंडा सोबत असूनही आतला स्टार्च मोकळाच असतो. अख्खे किंवा भरडलेले दाणे असलेल्या दाट, जड ब्रेडचा आकडा बऱ्यापैकी खाली येतो, कारण तिथे स्टार्च दाण्याच्या आत अडकलेला असतो. (होल व्हीटचे बाकी फायदे आहेतच, ते नाकारत नाहीये, पण इथे विषय जेवणानंतरच्या शुगरचा आहे.) त्याच तक्त्यात चपातीचा सरासरी आकडा 52 आहे. पोळी बंद करून ब्राऊन ब्रेड सुरू करणाऱ्यांनी हा आकडा शांतपणे बघावा.

गोव्यातल्या वाचकांसाठी पोईबद्दल एक ओळ: वरून कोंडा लावलेला दिसतो म्हणून पोई आपोआप शुगरला हलकी होत नाही, आत गव्हाचं पीठ किती आणि मैदा किती ते पोदेरालाच विचारायचं.

तपासा: पहिला घटक कुठला, फायबर 100 ग्रॅमला किती, फायबर कुठलं, त्याची टक्केवारी किती, साखर, गूळ किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, पटकन पचणारी पावडर) आहे का. ही पाच उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा 2: तुलना कशाशी करायची आणि किती खायचं

एकटा फायबर ब्रेड तपासून काही कळत नाही. 165 आलं, पण कशाच्या मानाने? त्यामुळे दोन पदार्थ हवेत: एक तुम्ही आधी खायचात तो आणि दुसरा नवीन. घरात पांढरा ब्रेड येतच नसेल तर मुद्दाम आणू नका, तुलना पोळीशी करा.

आता प्रमाण. इथे निम्म्याहून जास्त लोक घसरतात. 'दोन स्लाइस याचे, दोन स्लाइस त्याचे' ही तुलना बरोबर नाही, कारण स्लाइसचं वजन वेगळं असतं. एका ब्रँडचा स्लाइस पातळ आणि हलका, दुसऱ्याचा जाडजूड. म्हणून पचणारी कर्बोदकं दोन्हीकडे सारखी ठेवायची, आणि त्यासाठी किचनचा छोटा डिजिटल काटा लागतोच.

हिशोब असा. लेबलवर 100 ग्रॅमला एकूण कर्बोदकं दिलेली असतात त्यातून फायबर वजा करायचं. समजा साध्या ब्रेडला कर्बोदकं 52, फायबर 3, म्हणजे पचणारी 49. फायबर ब्रेडला कर्बोदकं 48, फायबर 8, म्हणजे पचणारी 40. आपल्याला दोन्ही दिवशी पचणारी कर्बोदकं 30 ग्रॅम हवीत. मग साधा ब्रेड 30 भागिले 49 गुणिले 100, म्हणजे 61 ग्रॅम, आणि फायबर ब्रेड 75 ग्रॅम. 25 ग्रॅमचा स्लाइस धरला तर एकीकडे जवळपास अडीच, दुसरीकडे तीन. पोळी असेल तर कोरडं पीठ मोजायचं, साधारण 45 ग्रॅम कणीक, आणि तेल-तूप न लावता.

लॅबमध्ये ग्लायसेमिक इंडेक्स काढताना 50 ग्रॅम पचणारी कर्बोदकं देतात आणि किमान 10 माणसांवर बघतात. आपल्याला इंडेक्स काढायचा नाहीये, आपल्या शरीराचं उत्तर हवंय, आणि डायबेटिसवाल्याला नुसत्या ब्रेडमधून 50 ग्रॅम पचणारी कर्बोदकं द्यायची गरज नाही. 30 पुरे.

सावध: परदेशात राहणाऱ्यांनी लेबल नीट बघा. अमेरिकेत एकूण कर्बोदकांमध्ये फायबर धरलेलं असतं, तिथे वजा करायचं. ब्रिटन आणि युरोपात कर्बोदकांचा आकडा फायबर सोडूनच छापतात, तिथे परत वजा केलं तर जास्त ब्रेड खाल्ला जाईल. भारतात फायबरची ओळ कर्बोदकांच्या खाली, थोडी आत सरकवून छापलेली असेल तर ते त्यातच धरलंय असं समजून वजा करा.

ब्रेड दोन्ही दिवशी एकाच अवस्थेत हवा. एक ताजा आणि एक फ्रीझरमधून काढून टोस्ट केलेला असं चालणार नाही. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठाच्या 2008 साली छापून आलेल्या एका छोट्या प्रयोगात पांढरा ब्रेड गोठवून, मग टोस्ट करून दिला तर ताज्यापेक्षा शुगर कमी वाढली होती. ब्रेड तोच, पीठ तेच, नुसतं गोठवणं आणि भाजणं वेगळं. म्हणून एक काय ते ठरवा, दोन्ही ताजे किंवा दोन्ही टोस्ट, आणि चारही दिवस तेच.

टप्पा 3: आदली रात्र

हा टप्पा लोक सरळ उडी मारून पुढे जातात. आदल्या रात्री काय खाल्लं त्याचा सकाळच्या नाश्त्यानंतरच्या शुगरवर परिणाम होतो. रात्री उसळ, डाळ, जव असं भरपूर फायबरचं जेवण झालं तर सकाळचा ब्रेड शांत वागतो, आणि रात्री लग्नात जेवून आलात तर तोच ब्रेड उड्या मारतो. म्हणून चारही रात्री जेवण जवळपास सारखं आणि साधं ठेवा, दोन पोळ्या, भाजी, वरण असं काहीही, पण तेच आणि त्याच सुमाराला. दारू नको. रात्री उशिरा जिमला किंवा जोरात चालायला जाऊ नका, रोज जेवढं करता तेवढंच. झोप पूर्ण हवी, एका कमी झोपेच्या रात्रीनेसुद्धा सकाळचे आकडे वर सरकतात.

सर्दी-ताप, दाढ दुखणं, स्टिरॉइडची गोळी किंवा सांध्यातलं इंजेक्शन चालू असेल तर टेस्ट पुढे ढकला. बायकांनी पाळीच्या आसपासचे दिवस सोडले तर बरं, कारण काहींची शुगर त्या दिवसांत वर राहते.

टप्पा 4: मीटर, स्ट्रिप आणि बोट

चारही दिवस मीटर एकच आणि स्ट्रिपची डबी एकच. स्ट्रिपची एक्सपायरी बघा, डबीचं झाकण काढल्याबरोबर परत घट्ट लावा. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या स्ट्रिप दमट होतात आणि मग वाट्टेल ते आकडे देतात. डबी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, गॅसजवळच्या कपाटातही नाही. जुन्या मीटरला कोड लागतो, तो डबीवरच्या कोडशी जुळतो का बघा.

आता एक गोष्ट मनात पक्की करा. आयएसओ 15197 या 2013 च्या मानकाप्रमाणे 100 च्या वरचे 95 टक्के आकडे लॅबच्या आकड्याच्या 15 टक्के इकडेतिकडे असले तरी मीटर पास होतं. म्हणजे खरी शुगर 150 असताना मीटर 128 पासून 172 पर्यंत काहीही दाखवू शकतं आणि तरी ते बिघडलेलं नसतं. म्हणूनच '152 आणि 160, बघा किती फरक पडला' या वाक्याला अर्थ नाही.

हात साबणाने आणि साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडे करा. ब्रेडचा चुरा, आंबा, केळं, गूळ असलं काही बोटाला लागलेलं असेल तर त्या साखरेने आकडा कितीही वर जाऊ शकतो, आणि स्पिरिटचा बोळा नुसता फिरवल्याने ती साखर निघतेच असं नाही. स्पिरिट वापरलंच तर ते वाळू द्या. टोचायचं ते बोटाच्या शेंड्याच्या मधोमध नाही, बाजूला, तिथे दुखतंही कमी. हात खाली सोडून दोनदा झटका, मग टोचा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसलात तर रक्तासोबत आजूबाजूचं पाणी येतं आणि आकडा चुकतो. परत टोचा, पिळू नका.

हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर बऱ्याच मीटरवर शुगर खरीपेक्षा जास्त दिसते. चारही दिवस चूक सारखीच राहील त्यामुळे तुलना चालेल, पण तो आकडा खरा धरून बसू नका.

तपासा: काटा, मीटर, स्ट्रिप, सुया, वही, पेन, मोबाइलचा टायमर आणि ग्लुकोज पावडर रात्रीच टेबलवर काढून ठेवलंय का?

टप्पा 5: त्या सकाळचा क्रम

1. उठा, आवरा, पण फिरायला जाऊ नका. रोज सकाळी चालणाऱ्यांनी त्या चार दिवशी चालणं दुपारनंतर करा.

2. नाश्त्याच्या लगेच आधी पहिला आकडा घ्या. उठल्याबरोबर नाही. बऱ्याच जणांची शुगर पहाटेपासून आपोआप चढत असते, सहाला घेतलेला आणि आठला घेतलेला आकडा वेगळा येतो. फास्टिंग 180 च्या वर असेल तर त्या दिवशी टेस्ट सोडा, हा माझा नियम आहे, आणि असं रोजच येत असेल तर ब्रेडचा नाद सोडून आधी डॉक्टरांकडे जा.

3. मोजलेला ब्रेड नुसता खा. बटर नाही, जॅम नाही, ऑम्लेट नाही. सोबत एक ग्लास पाणी. चहा नको, दुधात साखर असतेच आणि चहा-कॉफीतल्या कॅफीननेही शुगर हलते. नुसता कोरडा ब्रेड चावत बसायला कंटाळा येतो हे मान्य, पण बटर लावलं की चरबीमुळे पोट उशिरा रिकामं होतं आणि मग मोजतोय ब्रेड की बटर ते कळत नाही.

4. पहिला घास तोंडात गेला की टायमर सुरू. शेवटचा घास नाही. पीपीचा, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या शुगरचा, दोन तासांचा हिशोब पहिल्या घासापासूनच असतो, आणि घरोघरी हा उलटा केला जातो. ब्रेड 10-12 मिनिटांत संपवा, चारही दिवस तेवढ्याच वेळात.

5. 30, 60, 90 आणि 120 मिनिटांनी आकडा घ्या. पहिला धरून रोजच्या पाच स्ट्रिप. वेळ चुकली तर खरी वेळ लिहा, '37 मिनिटं' लिहिलं तरी चालेल, 30 म्हणून दडपू नका.

6. मधले दोन तास बसून राहा. पेपर वाचा, टीव्ही बघा, फोनवर बोला. झाडलोट, जिने चढणं, बाजारात जाऊन येणं नको, खाल्ल्यावर दहा मिनिटं चाललं तरी शुगरचा कळस खाली येतो. आणि मध्ये काही खायचं-प्यायचं नाही, पाणी सोडून.

चार सकाळी आलटून पालटून: साधा, फायबर, फायबर, साधा. मध्ये एखादा दिवस गेला तरी हरकत नाही. दोनदा करायचं कारण वर सांगितलंय, मीटरचीच चूक 15 टक्क्यांपर्यंत, त्यात शरीर रोज सारखं वागत नाही.

स्ट्रिप परवडत नसतील तर 0, 60 आणि 120 हे तीन तरी घ्या. फक्त 120 चा एकच घेणार असाल तर हे सगळं करूच नका, स्ट्रिप वाया जातील. का ते पुढे कळेलच.

सेन्सर लावलेला असेल, दंडावरचा सीजीएम, तर काम सोपं आहे, पण तो रक्तातली नाही तर पेशींच्या मधल्या जागेतल्या पाण्यातली शुगर मोजतो, त्यामुळे 5 ते 15 मिनिटं मागे असतो. बाकी क्रम तोच.

टप्पा 6: आकड्यांचा हिशोब

आलेला आकडा नाही, वाढ बघायची. प्रत्येक आकड्यातून त्या दिवसाचा पहिला आकडा वजा करा. मग 30, 60 आणि 90 मिनिटांची वाढ पूर्ण आणि 120 मिनिटांची वाढ अर्धी, अशी बेरीज करा. वाढ शून्याच्या खाली गेली तर शून्य धरा. ही बेरीज म्हणजे त्या दोन तासांत शरीराने किती जास्तीची शुगर सोसली त्याचं ढोबळ माप.

उदाहरण घेऊ. समजा साध्या ब्रेडला आकडे आले 104, 148, 186, 171, 139. वाढ झाली 44, 82, 67, 35. बेरीज 44 + 82 + 67 + 17.5 = 210.5.

फायबर ब्रेडला आले 108, 141, 172, 169, 150. वाढ 33, 64, 61, 42. बेरीज 33 + 64 + 61 + 21 = 179.

आता बघा गंमत. दोन तासांचा आकडा फायबर ब्रेडचा जास्त आहे, 150, साध्याचा 139. फक्त पीपी बघणारा माणूस फायबर ब्रेडला दोष देऊन मोकळा होईल. प्रत्यक्षात त्याचा कळस कमी आहे आणि तो हळू उतरतोय, एकूण बेरीजही 15 टक्क्यांनी कमी. फायबर जर खरंच काम करत असेल तर वक्र असाच दिसतो, बसका आणि लांब.

पण थांबा, 15 टक्के म्हणजे जिंकलं का? नाही. दोन्ही साध्या दिवसांची सरासरी काढा, दोन्ही फायबर दिवसांची काढा. फरक 20 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मी ते दोन ब्रेड सारखेच धरते, कारण तेवढा फरक मीटर आणि झोपेनेही पडतो. 30 टक्के किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी त्याच दिशेने, तर तो ब्रेड तुमच्यासाठी खरोखर बरा आहे.

तपासा: एकाच ब्रेडच्या दोन दिवसांच्या बेरजा एकमेकींपासून खूप लांब आहेत का, म्हणजे एक 120 आणि एक 240? मग त्यातल्या एका दिवशी काहीतरी बिघडलंय. रात्रीचं जेवण, झोप, बोट पिळणं, काय ते शोधा आणि तो दिवस परत करा. आवडलेला आकडा ठेवून नावडता टाकून द्यायचा नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं मीटर मिलिमोलमध्ये दाखवतं, त्याला 18 ने गुणलं की आपले आकडे येतात.

टप्पा 7: आता खऱ्या प्लेटमध्ये

नुसता ब्रेड कोणी खात नाही. त्यामुळे जो ब्रेड ठरवलात तो तुमच्या नेहमीच्या नाश्त्यात, नेहमीएवढाच, एकदा तपासून बघा. ऑम्लेट-ब्रेड असेल, चटणी सँडविच असेल, उसळीबरोबर असेल. इथे बऱ्याच जणांना दिसतं की ब्रेड बदलून जेवढा फरक पडला त्यापेक्षा जास्त फरक सोबत अंडं, पनीर किंवा मोड आलेली मटकी आल्याने पडला. आधी काकडी-टोमॅटो आणि अंडं, मग शेवटी ब्रेड, एवढा क्रम बदलूनही काहींचा कळस खाली येतो. तीन स्लाइसचे दोन केले तर कुठल्याही महागड्या ब्रेडपेक्षा जास्त उपयोग होतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

एक चूक इथे सतत होते: ऑम्लेटबरोबर आकडा छान आला म्हणून ब्रेडलाच शाबासकी दिली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तोच ब्रेड जॅम लावून चहात बुडवून खाल्ला जातो.

घरी ब्रेड करणाऱ्यांना इसबगोल, जवाचं पीठ, भरडलेले दाणे घालून बघता येईल आणि तिथे टक्केवारी तुमच्या हातात असते, पाकिटातल्यासारखी 5 टक्क्यांची गोष्ट नसते. इसबगोल एकदम वाढवू नका, आठवड्याने थोडं थोडं, आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगतं, घट्ट होतं. थायरॉइडची किंवा इतर रोजची गोळी असेल तर इसबगोलवाल्या पदार्थापासून किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, दाट फायबरमुळे औषध नीट शोषलं जात नाही.

वहीतली ती चार पानं पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना दाखवा. आकडे चांगले आले म्हणून गोळी स्वतः कमी करू नका. आणि ब्रेडचं पाकीट बदललेलं दिसलं, 'न्यू रेसिपी' असं काही छापलेलं दिसलं, की टप्पा 1 परत करा, घटकांचा क्रम बदललेला असू शकतो.